आपल्या शहराला स्वतःचं अग्निशमन दल हवं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेजारच्या शहराचा बंब येतोच की. मग हा विषय निघाला कशाला?

येतो, हे खरं आहे, आणि त्यासाठी त्या शहराचे आभारच मानायला हवेत. पण तो कुठून निघतो, निघायला किती वेळ लागतो आणि त्याच घटकेला त्यांच्याकडेही आग लागली असेल तर आपल्याकडे कोण येतं, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. छोटं शहर वाढतं ते बहुधा कडेकडेने. नवी वस्ती, गोदामं, उंच इमारती दूरच्या टोकाला उभ्या राहतात आणि शेजारच्या शहराशी केलेला बंबाचा करार मात्र आपलं शहर निम्मं होतं तेव्हाचा असतो. एखादी आग हाताबाहेर जाते, लोक घड्याळाकडे बघत उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवसापासून चर्चा सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार, पण निदान आता तरी ती नीट खणावी, म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘स्वतःचं दल हवं की नको’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: पहाटे तीन वाजता वर्दी (मदतीसाठीची खबर) गेली, तर किती मिनिटांत, किती प्रशिक्षित माणसं दारात उभी राहतील? याचं उत्तर ज्या व्यवस्थेत सर्वांत चांगलं मिळेल ती आपली व्यवस्था, मग बंबाच्या दारावर नाव कोणत्याही शहराचं असो.

किती मिनिटं म्हणजे उशीर?

बंद खोलीत आग लागली की गरम धूर छताखाली साठत जातो. त्या थराचं तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर त्या खोलीत माणूस वाचण्याची आशा उरत नाही, आणि आग एका खोलीची न राहता घराची होते.

पूर्वी या अवस्थेला यायला बराच वेळ लागायचा. अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने शेजारी शेजारी दोन खोल्या पेटवून पाहिल्या. लाकूड, सूत अशा जुन्या धर्तीच्या सामानाच्या खोलीत भडका उडायला सुमारे अर्धा तास लागला. फोमच्या गाद्या, कृत्रिम धाग्यांचे पडदे, प्लास्टिक अशा आजच्या सामानाच्या खोलीत चार मिनिटांच्या आत उडाला. आपल्या आजोबांच्या काळी पंधराव्या मिनिटाला पोचलेला बंब घर वाचवू शकत असे. आज तोच बंब बहुधा शेजारचं घर वाचवायला पोचतो.

म्हणूनच अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या एनएफपीए या अमेरिकी संस्थेच्या १७१० क्रमांकाच्या मानकात पगारी दलांसाठी सेकंदांचा हिशेब दिलेला आहे. वर्दी मिळाल्यावर जवानांनी अंगावर पोशाख चढवून बंबात बसायला ८० सेकंद आणि पहिल्या बंबाला रस्त्यात २४० सेकंद, आणि हे दर शंभरातल्या नव्वद वेळा साधायला हवं. फोन घेणाऱ्याचं एक मिनिट धरलं, तर साधारण सव्वासहा मिनिटं झाली. गर्दीतून ताशी ३० किलोमीटर वेगाने धावणारा बंब चार मिनिटांत दोन किलोमीटर कापतो. नकाशा घ्या, आत्ता बंब निघतो त्या केंद्रापासून रस्त्याने दोन-तीन किलोमीटर मोजा, आणि आपल्या शहराचा किती भाग त्यात बसतो ते पाहा. बैठकीतल्या तासाभराच्या भाषणांपेक्षा हा नकाशा जास्त सांगतो.

एक चांगला बंब विकत घेतला की काम झालं ना?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंब एकदाच घ्यायचा असतो. तो नीट सांभाळला तर पंधरा वर्षं पहिल्या फळीत धावतो आणि पुढे काही वर्षं राखीव म्हणून उभा राहतो. त्याच्यासाठी अनुदान मिळू शकतं, देणगी मिळू शकते, उद्घाटनाला गर्दीही होते. माणसांचा पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो, आणि त्याचं उद्घाटन कोणी करत नाही.

हिशेब साधा आहे. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर बंबातली एक जागा सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण आणि प्रशिक्षणाचे दिवस मिळवा, की आकडा चारच्या वर जातो. बंबावर चार जण हवेत, म्हणजे पगारपत्रकावर किमान सोळा-सतरा जण. शिवाय दलाचा प्रमुख, इमारतींची तपासणी करणारा कोणीतरी आणि वर्दी घेणारे लोक. एका बंबाचं, एका केंद्राचं अगदी लहान दलसुद्धा वीस माणसांच्या आसपास जातं. चोवीस तास काम आणि अठ्ठेचाळीस तास सुट्टी अशा तीन पाळ्या लावल्या तर डोकी थोडी कमी लागतात, पण मग प्रत्येकाचा आठवडा सरासरी ५६ तासांचा होतो.

कोणी ‘आठ माणसांत दल उभं करू’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: रविवारी रात्री, दोघे रजेवर असताना, बंबावर कोण बसेल? आठ जणांच्या दलात त्या रात्री एक चालक आणि एक जवान असतो. त्या दोघांना जळत्या घरात पाठवणं हा अन्याय आहे, त्यांच्यावर आणि आत अडकलेल्यांवरही.

चारच का? तिघांनी भागणार नाही?

चालक पंप सांभाळतो, दोघे होज (पाण्याची जाड नळी) घेऊन आत जातात आणि अधिकारी बाहेरून सगळ्याकडे लक्ष ठेवतो. धुराने भरलेल्या खोलीत एकट्याने शिरायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. अमेरिकेत ‘दोन आत, दोन बाहेर’ हे कायद्यानेच बंधनकारक आहे: जोडी आत गेली की तिला ओढून बाहेर काढू शकेल अशी दुसरी जोडी बाहेर तयार हवी.

शिवाय वेगाचा प्रश्न आहे. तिथल्याच एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१० मध्ये एका साध्या निवासी घरासारख्या बांधकामावर वेगवेगळ्या तुकड्यांना तीच बावीस कामं करायला लावली. बंबावर चौघे असलेल्या तुकड्यांनी ती दोघांच्या तुकड्यांपेक्षा सुमारे ३० टक्के आणि तिघांच्या तुकड्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी वेळात उरकली. चौथा माणूस कमी करून वाचवलेला पगार अशा रीतीने मिनिटांत परत द्यावा लागतो.

म्हणजे चौघांचा एक बंब असला की आपण स्वावलंबी झालो?

तसंही नाही. साध्या एका घराच्या आगीला पहिल्या फेरीतच पंधरा-सोळा माणसं लागतात: आग विझवायला, शोध घ्यायला, शिडी लावायला, पाणी जोडायला, थकलेल्यांना बदली द्यायला. स्वतःचं दल काढलं तरी मोठ्या वर्दीला शेजाऱ्यांना हाक मारावीच लागते. म्हणूनच शेजाऱ्यांशी भांडून, जुना करार तोडून दल काढणं शहाणपणाचं नाही. आपण त्यांच्याकडे जाऊ, ते आपल्याकडे येतील, असा परस्पर मदतीचा लेखी करार पहिल्या दिवसापासून हवा.

स्वयंसेवकांचं दल चालेल का? त्याला पगार तर लागत नाही.

चालतं, आणि अनेक देशांत फार उत्तम चालतं. जर्मनीत पूर्ण पगारी दल असलेली शहरं शंभराहून थोडीच जास्त आहेत. बाकी हजारो गावं आणि शहरं स्वयंसेवकांच्या भरवशावर आहेत. ऑस्ट्रियात फक्त सहा शहरांत पगारी दल आहे. चिलीत तर राजधानीसह देशभर अग्निशामक हे स्वयंसेवकच असतात, आणि ही परंपरा १८५१ साली वालपराइसोमध्ये सुरू झाली.

पण ही दलं पिढ्यान् पिढ्या घडत आली आहेत. मुलं लहानपणापासून युवा पथकात येतात, भोंगा वाजला की माणूस दुकान अर्धवट सोडून धावतो, आणि जर्मनीत त्याला कामावरून सोडणं मालकाला कायद्यानेच भाग असतं. आपल्या शहरात दिवसा किती धडधाकट माणसं शहरातच असतात? बहुतेक जण नोकरीला बाहेरगावी जात असतील, तर दुपारी दोनच्या वर्दीला कोणी येणार नाही. पगार नसला तरी पोशाख, श्वसन यंत्रं, विमा आणि प्रशिक्षण यांचा खर्च राहतोच. धुराला समोरचा माणूस पगारी आहे की हौशी, हे कळत नाही.

मधला मार्ग आम्हाला जास्त पटतो. चालक आणि अधिकारी चोवीस तास पगारी, म्हणजे बंब लगेच निघतो. बाकीचे स्वयंसेवक थेट घटनास्थळी पोचतात. लहान शहरासाठी सुरुवात म्हणून ही रचना झेपण्यासारखी आहे. अट एकच: पुरेसे लोक येईपर्यंत आत शिरायचं नाही, हा नियम कोणीही मोडता कामा नये.

खाजगी कंपनीला कंत्राट दिलं तर?

याचं एक उदाहरण मुद्दाम वाचण्यासारखं आहे. अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात स्कॉट्सडेल हे शहर आहे. १९४८ मध्ये त्या परिसरात शेजारचं घर डोळ्यांदेखत जळताना पाहून एका बातमीदाराने रूरल मेट्रो ही खाजगी अग्निशमन कंपनी काढली. शहराची रीतसर स्थापना १९५१ ची, तेव्हा वस्ती जेमतेम दोन हजार. पुढची पन्नासहून अधिक वर्षं शहराने स्वतःचं दल न काढता याच कंपनीकडे काम सोपवलं. व्यवस्था नावाजली गेली, खर्चही कमी होता. २००३ मध्ये स्वतःचं दल काढावं का, यावर मतदान झालं आणि मतदारांनी नको म्हटलं. त्याच वर्षी कंपनीने कळवलं की करार संपल्यावर आम्ही तो पुढे चालवणार नाही. मग शहराला दल उभारावंच लागलं, आणि १ जुलै २००५ रोजी ते सुरू झालं.

कंपनी वाईट होती, असं यातून म्हणायचं नाही. मुद्दा असा की कंत्राटात दोन्ही बाजूंना दार उघडं असतं. कंत्राट द्यायचं तर केंद्राची जागा आणि बंब शहराच्या मालकीचे ठेवावेत आणि करार सोडण्याची मुदत दोन वर्षांहून कमी नसावी.

ज्याला सेवा हवी त्यानेच वर्षाची वर्गणी भरावी, सगळ्यांवर कर कशाला?

हा विचार वरवर न्याय्य वाटतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यात साउथ फुल्टन शहराचं दल शहराबाहेरच्या घरांना वर्गणीवर सेवा देत होतं. एका घराची वर्गणी भरलेली नव्हती. घराला आग लागली, दल आलं, पण ते शेजारच्या वर्गणीदाराची हद्द राखण्यापुरतं. ते घर जवानांसमोर जळून गेलं. घरमालक तिथल्या तिथे पैसे द्यायला तयार होता.

नियम पाळला गेला आणि घर गेलं. आग कुंपण पाहून थांबत नाही, म्हणून ही सेवा मुळातच सगळ्यांची मिळून आहे. आणि कोणत्याही जवानावर असं उभं राहून बघण्याची वेळ आणू नये. या पर्यायाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

पाण्याचं काय?

बैठकांमध्ये हा प्रश्न क्वचितच निघतो, आणि खरं तर तो बंबाच्या आधी यायला हवा. बंबाच्या टाकीत दोन हजार लिटर पाणी असेल आणि एक होज मिनिटाला साडेचारशे-पाचशे लिटर फेकत असेल, तर चार-साडेचार मिनिटांत टाकी रिकामी होते. त्यानंतर हायड्रंट (बंबाला पाणी घेता यावं म्हणून जलवाहिनीवर बसवलेली तोटी) हवा, नाहीतर टँकरची रांग, किंवा तलावातून उपसा करण्याची सोय. रस्त्याच्या कडेला हायड्रंट दिसतो म्हणजे त्याला पुरेसा दाब आहे, असं समजू नका. रात्री पाणीपुरवठा बंद असतो का, जलवाहिनीचा व्यास किती, झाकण शेवटचं कधी उघडलं गेलं, हे पाणीपुरवठा विभागाकडून लेखी मागा. पाणी नसलेल्या भागात उत्तम दलही चार मिनिटांनी हतबल होतं.

दल सुरू झालं की विम्याचे हप्ते उतरतील का?

कदाचित, पण याच्यावर विसंबून अंदाजपत्रक मांडू नका. अमेरिकेत विमा कंपन्यांसाठी जोखीम मोजणारी आयएसओ ही संस्था शहरांच्या अग्निशमन व्यवस्थेला १ ते १० अशी श्रेणी देते. त्यात १ सर्वांत चांगली. गुण कसे वाटले जातात हे पाहण्यासारखं आहे. एकूण १०५.५ पैकी दलाला ५०, पाणीपुरवठ्याला ४०, वर्दी घेऊन पोचवण्याच्या व्यवस्थेला १० आणि आग लागूच नये म्हणून केलेल्या कामाला साडेपाच. विमावाले पाण्याला जवळपास दलाइतकंच वजन देतात.

वर्षभरात आगी लागतात किती? बाकी वेळ लोक बसून राहणार?

आगी थोड्याच लागतात. अमेरिकेतल्या दलांना येणाऱ्या वर्द्यांपैकी प्रत्यक्ष आगीच्या शंभरात चार-पाचच असतात. जवळपास दोन तृतीयांश वर्द्या वैद्यकीय असतात: छातीत दुखणं, पडणं, अपघात. उरलेल्यांत अडकलेली लिफ्ट, गॅसगळती, रस्त्यावर पडलेलं झाड, पुराचं पाणी आणि खोटे इशारे. तेव्हा शहराने हे आधी ठरवायला हवं, की दल फक्त आगीसाठी आहे की प्रथमोपचारासाठीही. आमच्या मते प्रथमोपचारासाठीही असावं. हृदय बंद पडलेल्या माणसाजवळ चार मिनिटांत पोचणारी प्रशिक्षित माणसं शहरात असतील, तर त्यांना केंद्रात बसवून का ठेवायचं?

आणि ‘बसून राहणं’ म्हणाल, तर रोजचा सराव, होजची चाचणी, पंप चालवून पाहणं, शाळा-दवाखान्यांची तपासणी, हायड्रंटची फेरी यांतच पाळी सरते.

घटनास्थळी हुकूम कोणाचा?

दलप्रमुखाचा, आणि फक्त त्याचाच. हे नियमावलीत स्पष्ट लिहा.

एडिनबरा शहराने १८२४ साली जेम्स ब्रेडवुड या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या हाताखाली नगरपालिकेचं दल उभं केलं. आधुनिक नगर-दलांची सुरुवात बहुतेक इथूनच धरतात. दलाला काही आठवडेच झाले होते आणि नोव्हेंबरमध्ये शहराच्या जुन्या भागात प्रचंड आग लागली, ती दिवसचे दिवस चालली. माणसं अजून पुरती तयार नव्हती, आणि त्यात शहरातले मान्यवर अधिकारी एकमेकांच्या विरुद्ध हुकूम सोडत होते. चौकशीत ते उघड झालं आणि आगीच्या जागी पूर्ण अधिकार दलप्रमुखाकडे आला. दोनशे वर्षं झाली, तरी आगीच्या जागी पदाधिकारी येऊन ‘आधी इकडे पाणी मारा’ म्हणतातच. छोट्या शहरात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून तिथे हा धोका जास्त.

जवानांच्या तब्येतीची जबाबदारी कोणाची?

शहराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामातला संपर्क हा माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला. काजळीने भरलेला पोशाख घरी नेता कामा नये. प्रत्येकाला दोन संच, केंद्रात धुण्याची वेगळी सोय, दरवर्षी तपासणी. पोशाख कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांनी बाद करायचा असतो. हा खर्च पहिल्या आराखड्यात नसेल, तर तो आराखडा अपुरा आहे असं समजा.

दल होईपर्यंत आपण काय करू शकतो?

खूप काही, आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. चालू स्थितीतला धूर-सूचक असलेल्या घरांत आगीत मरण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर येतं. नव्या इमारतींना परवानगी देतानाच स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या तोट्यांची, अट घाला. वर ज्या स्कॉट्सडेलचा उल्लेख आला, त्या शहराने १९८५ मध्येच प्रत्येक नव्या घराला स्प्रिंकलर बंधनकारक करण्याचा नियम केला होता. स्प्रिंकलर बंबाची वाट पाहत नाही. वाढतं शहर हा नियम जितका उशिरा करेल, तितक्या जास्त इमारती त्याच्याविना उभ्या राहतील, आणि त्या पुढे पन्नास वर्षं तशाच राहतील.

जिन्यातलं सामान हटवा, बंब वळेल इतका रस्ता मोकळा ठेवा, घरांना ठळक क्रमांक लावा.

तीन-चार छोटी शहरं मिळून एक दल काढू शकतात का?

काढू शकतात, आणि ज्या शहराला एकट्याने वीस माणसं पोसणं शक्य नाही त्याने आधी हाच पर्याय तपासावा. केंद्र कोणाच्या हद्दीत, हा वाद नक्की होणार. तो नगरसेवकांनी नव्हे, मिनिटांच्या नकाशाने सोडवावा. खर्चाची वाटणी लोकसंख्येवर करायची की वर्द्यांवर, हेही आधीच लिहून ठेवा. निव्वळ वर्द्यांवर वाटणी केली की पैसे वाचवायला लोक वर्दी द्यायला कचरतात, म्हणून मोठा हिस्सा लोकसंख्येवर असावा.

ठराव मंजूर झाला, तर बंब कधी धावू लागेल?

दीड ते दोन वर्षं धरून चाला. प्रमुखाची नेमणूक सर्वांत आधी करा, बंबाची मागणी नोंदवण्याच्याही आधी, म्हणजे गल्ल्यांच्या रुंदीला बसेल असा बंब तो निवडेल. भरती, प्रशिक्षण, केंद्राचं बांधकाम, बिनतारी यंत्रणेची जोडणी हे त्यानंतर.

जुना करार ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी नवं दल सुरू करू नका. निदान तीन महिने दोन्ही दलांना प्रत्येक वर्दी जाऊ द्या. त्या काळात जुन्या दलातल्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन नव्या जवानांनी प्रत्येक रस्ता, प्रत्येक हायड्रंट, प्रत्येक गोदामाचं मागचं दार पायी पाहून घ्यावं. कोणत्या गल्लीत विजेच्या तारा खाली आल्या आहेत आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे नकाशावर नसतं. ते जुन्या चालकाला माहीत असतं, आणि तो करार संपला की निघून जातो.